विदर्भकन्या दमयंती: हंस उडून गेल्यानंतरची गोष्ट

वैनगंगा (धागाकर्ती, नागपूर)

दमयंती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजा रविवर्म्याचं चित्र येतं. समोर हंस, आणि नळाची कीर्ती ऐकत उभी असलेली राजकन्या. शाळेत शिकलेल्या रघुनाथपंडितांच्या आख्यानातही हंसच लक्षात राहतो. तो नळाच्या हाती सापडतो, बाकीचे पक्षी भराभर उडून जातात आणि मग ती ओळ येते, जी कविता विसरलेल्यांनाही पाठ असते: "कठिण समय येता कोण कामास येतो".

पंडितांचं आख्यान स्वयंवराचं. श्रीहर्षाचं नैषधीयचरित २२ सर्गांचं, तेही लग्न आणि त्यानंतरच्या सुखापर्यंतच येऊन थांबतं. त्यामुळे आपल्या मनात दमयंती कायमची नवरी होऊन बसली. खरा कठीण समय येतो तो पुढे, आणि तो महाभारताच्या वनपर्वात आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ५० ते ७८ हे अध्याय. द्यूतात सगळं घालवून वनात आलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा तुम्ही कुठे पाहिलात का? त्यावर ते ही गोष्ट सांगतात. आपल्या विदर्भाच्या मुलीची गोष्ट.

तिचं सोसणं सगळे कीर्तनकार, प्रवचनकार सांगतात. मला मात्र दर वाचनात तिचं डोकं जास्त दिसतं. ही बाई संकटात कधीही बसून राहत नाही. रडते, भरपूर रडते, आणि रडता रडता पुढची सोय लावते. ही गोष्ट इतकी शतकं टिकली ती त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात द्यूतापासूनच बघा. नळाच्या अंगात कली शिरलाय, भाऊ पुष्करासोबत डाव चाललाय, महिने उलटलेत. मंत्री आणि नगरजन दारात येऊन उभे आहेत आणि राजा मान वर करून बघतही नाही. दमयंती बृहत्सेना दाईला पाठवून मंत्र्यांना बोलावते. उपयोग होत नाही. तेव्हा पुन्हा बृहत्सेनेलाच पाठवून ती वार्ष्णेय सारथ्याला बोलावून घेते आणि सांगते: रथ जोड, ही दोन मुलं घे आणि कुंडिनपुराला माझ्या माहेरी पोचव. मुलं, रथ, घोडे तिथेच ठेव, मग तू तिथे राहा नाहीतर हवं तिथे जा. राज्य अजून पूर्ण गेलेलं नाही. सगळं जाणार हे तिने आधी ओळखलं आणि जे वाचवण्यासारखं होतं ते वाचवलं. मग नवऱ्यासोबत एका वस्त्रानिशी बाहेर पडली.

वनातला प्रसंग तर मला तोंडपाठ आहे. नळ तिला रस्ते दाखवतो. हे मार्ग दक्षिणेला जातात, अवंती आणि ऋक्षवान पर्वत ओलांडून. हा विंध्य, ही पयोष्णी. हा रस्ता विदर्भाचा, तो कोसलाचा. ती लगेच ओळखते. तू मला पुन्हा पुन्हा हा रस्ता का दाखवतोयस? जायचंच असेल तर दोघं मिळून विदर्भाला जाऊ, माझे वडील तुझा मान ठेवतील. त्याला सासरी त्या अवस्थेत जायचं नाही. त्याच रात्री एका पडक्या धर्मशाळेत ती झोपली असताना तो तिचं अर्धं वस्त्र कापून निघून जातो.

पुढे अजगर, पारधी, ते सगळं येतं. पण माझा जीव अडकतो तो व्यापाऱ्यांच्या तांड्याच्या रात्री. चेदी देशाकडे निघालेला तांडा तिला भेटतो, ती सोबत चालू लागते. एका संध्याकाळी कमळांनी भरलेलं तळं दिसतं, चारा आहे, सरपण आहे. जनावरं थकलेली, म्हणून मुक्काम पडतो. तळ्याकडे जाणारी वाट अडवूनच सगळे झोपतात. मध्यरात्री रानहत्तींचा कळप पाण्याला येतो आणि झोपलेल्या माणसांना तुडवत जातो. कुणी झाडावर चढतं, कुणी ओरडत पळतं, माल विखुरतो. सकाळी वाचलेले लोक आपापल्या मेलेल्या माणसांसाठी रडतात आणि म्हणतात, ती वेड्यासारखी दिसणारी बाई आली ना, तिनेच हे ओढवलं. दिसली तर ढेकळांनी, काठ्यांनी मारू. ती हे सगळं ऐकते. जगात तिची एकच सोबत उरली होती, तीही आता तिच्या जिवावर उठलेली. आणि तरी ती वाचलेल्या ब्राह्मणांच्या मागोमाग चेदीच्या नगराला पोचते. अर्धं वस्त्र, धुळीने माखलेले केस, मागे टोळक्याने धावणारी पोरं.

राजमाता तिला आश्रय देऊ करते, तेव्हा ती पायावर लोळण घेत नाही. अटी घालते. उष्टं खाणार नाही. कुणाचे पाय धुणार नाही. परपुरुषाशी बोलणार नाही, फक्त नवऱ्याचा शोध घेणाऱ्या ब्राह्मणांना भेटेन. हे मान्य असेल तर राहते. अंगावर धड कपडा नसलेली बाई राजवाड्याला अटी घालते, आणि राजमाता त्या मान्य करते!

माहेरी परतल्यावर तर तिने जी शोधमोहीम चालवली, तिला तोड नाही. त्याबद्दल खाली लिहीनच. आधी तुमचं ऐकायचंय. टिकाऊ नायक म्हणून आपण कुणाकुणाची नावं घेतो. दमयंतीचं का घेत नाही?

---

गोरेवाडा_भाऊ

ताई, लेख लई आवडला. पण एक विचारू का? नळानं काय कमी भोगलं? त्याले कर्कोटक नाग चावला, सोन्यासारखा माणूस कुरूप बाहुक झाला, राजा होता थो दुसऱ्याच्या तबेल्यात घोडे सांभाळत राहिला. रोज संध्याकाळी एकच श्लोक म्हणे, ती थकलेली, उपाशी बाई कुठं झोपली असन, कोणाची चाकरी करत असन. सोबतच्या जीवलानं विचारलं तरी खरं नाव सांगत नाही. मले त थोच खरा नायक वाटते. चूक केली, पण मोडला नाही.

वैनगंगा

भाऊ, नळ मलाही प्रिय आहे. पुष्कर म्हणतो, आता दमयंती पणाला लाव, तेव्हा नळ काही न बोलता अंगावरचे दागिने उतरवून चालू लागतो. ऐकणारा युधिष्ठिर आहे, हे ध्यानात ठेवून तो प्रसंग वाचला की अंगावर येतो. बृहदश्वांनी एक शब्दही जास्तीचा न बोलता त्याला केवढं सुनावलंय.

पण नळ सावरतो कसा, ते बघा. कर्कोटक त्याला अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे जायला सांगतो. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, देतो. दमयंती त्याला शोधून काढते. त्याच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी हात देतं. दमयंतीला वनात असा हात मिळाला तो तांड्याचा, आणि त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

---

महालची_आजी

वाचून फार बरं वाटलं. माझ्या सासूबाई पहाटे उठल्यावर अंथरुणातच म्हणायच्या:

कर्कोटकस्य नागस्य दमयन्त्या नलस्य च ।
ऋतुपर्णस्य राजर्षेः कीर्तनं कलिनाशनम् ॥

या चौघांचं नाव घेतलं की कली पळतो, म्हणायच्या. घरात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी हा श्लोक जरा मोठ्याने म्हटला जाई. सावित्रीची गोष्टही त्याच वनपर्वातली, पण तिची वटपौर्णिमा झाली. दमयंतीचं व्रत आमच्या घरी कुणी केलं नाही. लहानपणी मला ते खटकायचं. आता वाटतं, बरंच झालं. व्रत झालं असतं तर तिचं अर्धं वस्त्र, तो तांडा, त्या अटी सगळं मागे पडून नुसती पूजाच उरली असती.

---

निशिगंधा_२१

काकू, लेखन सुंदर आहे, तरी मी असहमत. झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा माणूस. त्याला शोधायला इतकी अक्कल, इतकी वर्षं घालवायची? आजच्या मुलीने यातून काय घ्यायचं, की नवरा कसाही वागला तरी त्याच्या मागे फिरा? मला ती शूर वाटते, पण तिच्या शौर्याचा विषयच चुकीचा वाटतो.

वैनगंगा

निशिगंधा, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटतच होतं. आता ती शोधमोहीम सांगते, मग तूच ठरव.

माहेरी आल्यावर ती चौफेर निघालेल्या ब्राह्मणांना नळाचं वर्णन सांगून पाठवत नाही. एक निरोप पाठ करून देते आणि सांगते, गावोगावी, सभांमधून हाच म्हणा. निरोपाची सुरुवात अशी: "क्व नु त्वं कितव छित्त्वा वस्त्रार्धं प्रस्थितो मम". अरे जुगाऱ्या, माझं अर्धं वस्त्र कापून तू गेलास तरी कुठे? अर्ध्या वस्त्राची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक आहे. ऐकणाऱ्या बाकी सगळ्यांना ते कोडं वाटेल, एकाच्याच काळजात ते शिरेल. आणि ब्राह्मणांना सक्त ताकीद: जो उत्तर देईल तो श्रीमंत असो, गरीब असो, कोण आहे, काय करतो, काय बोलला, ते नेमकं लक्षात ठेवून या. पर्णाद अयोध्येहून परततो आणि सांगतो की ऋतुपर्णाचा एक आखूड हातांचा, कुरूप सारथी हे ऐकून रडला आणि एकांतात उत्तर देऊन गेला.

तिने त्याला भर सभांमधून जुगारी म्हटलंय. आणि शेवटी तो समोर आल्यावरही ती गळ्यात पडत नाही. बाहुकाला विचारते, झोपलेल्या, थकलेल्या, निरपराध बायकोला रानात सोडून गेलेला धर्मज्ञ पुरुष तू कधी पाहिलास का, नळ सोडून? त्याला उत्तर द्यावं लागतं. मग तो उलट, त्याला आणण्यासाठी तिने पाठवलेल्या दुसऱ्या स्वयंवराच्या निरोपाबद्दल विचारतो, आणि तिलाही शपथेवर उत्तर द्यावं लागतं, वाऱ्याला साक्ष द्यावी लागते. हा भाग मलाही बोचतो, मी तो झाकणार नाही. पण आधी जाब तिने विचारला. तिने माफ केलं ते सगळं विचारून झाल्यावर.

निशिगंधा_२१

'जुगाऱ्या' हे कुणी सांगितलंच नव्हतं. चित्रकथांमधून वाचली होती ती फारच गोड दमयंती होती. संहिता वाचते आता.

---

इतवारीची_लेक

मी इथे सहसा लिहीत नाही. पण मुलांना कुंडिनपुराला पाठवण्याचा भाग वाचून थांबले.

आमचं इतवारीत दुकान होतं. धंद्यात बाबांची देणी वाढत गेली. घरी कुणी उघड बोलत नसे, पण फोन वाजला की सगळे गप्प व्हायचे. परीक्षा संपली त्याच आठवड्यात आईने मला आणि भावाला वर्ध्याला मामाकडे पाठवलं. सुट्टी आहे, मजा करा म्हणाली. पिशवीत शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं आणि तिच्या दोन बांगड्या होत्या, हे मामीने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. दुकान त्यानंतर गेलं. वसुलीची माणसं घरी आली तेव्हा आम्ही तिथे नव्हतो.

आई चौथी शिकलेली. तिने महाभारत वाचलेलं नाही, कीर्तनात ऐकलं असेल तेवढंच. पण दाखले पिशवीत टाकताना तिच्या मनात जे चाललं असेल, तेच बृहत्सेनेला हाक मारताना दमयंतीच्या मनात चाललं असेल, असं मला आज वाटलं. बाबा नंतर सावरले. आई त्यांना दुकानाबद्दल कधी बोलली नाही असं मात्र नाही. भरपूर बोलली.

महालची_आजी

बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

गोरेवाडा_भाऊ

ताई, तुमच्या मायले आपलाही नमस्कार. वरचं माझं नळपुराण जरा बाजूले ठेवतो.

---

बेहडा

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून माझ्या आवडीचा प्रसंग. अयोध्येहून विदर्भ शंभर योजनं, आणि निरोप असा की उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर. बाहुक रथ हाकतोय. ऋतुपर्णाचं उपरणं पडतं, तो म्हणतो, थांब, घेऊ दे. बाहुक म्हणतो, ते योजनभर मागे राहिलं. मग ऋतुपर्णही आपली विद्या दाखवतो. बेहड्याच्या झाडाकडे बघून सांगतो की दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळाला पटत नाही, तो रथ थांबवून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ च्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली आहे, कारण फाशांचं ज्ञान आणि थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याचं ज्ञान इथे एकाच माणसाजवळ दिसतं.

बेहड्याची फळं त्या काळी द्यूतात फासे म्हणून वापरत. ज्याने नळाला बुडवलं त्याच झाडाखाली त्याला विद्या मिळते, कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्याच झाडात शिरतो.

पण धागाकर्तींच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर या सगळ्या प्रवासाची आखणी दमयंतीची आहे. एका दिवसात इतकं अंतर घोडे पळवू शकणारा माणूस नळच. ऋतुपर्ण वेळेत पोचला तर त्याचा सारथी कोण ते सिद्ध झालं. चाचणी अशी असावी, की उत्तर एकच निघेल.

---

तिवसा_ते_नागपूर

मूळ गाव कौंडिण्यपूरजवळचं, राहायला नागपुरात. वर्धा नदीकाठचं आमचं कौंडिण्यपूर म्हणजेच कुंडिनपूर अशी परंपरा. तिथे सगळा मान रुक्मिणीचा. आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते, त्या वारीचा आम्हाला फार अभिमान. रुक्मिणी, लोपामुद्रा, अजाची इंदुमती, सगळ्या विदर्भाच्या. दमयंतीचं नाव मात्र गावात क्वचितच कानावर येतं. हा धागा आई-बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, रुक्मिणीलाही सुदेव नावाचा ब्राह्मणच निरोप घेऊन गेला होता ना? मी सांगितलं, बाबा, सुदेव नावाचा ब्राह्मण दमयंतीच्या गोष्टीतही आहे. दोन्हीकडे विदर्भाची मुलगी स्वतः निरोप पाठवते, हे त्यांनी अचूक पकडलं.

वैनगंगा

बाबांना सांगा, पटलं! आणि सुदेवाचं आणखी एक: चेदीच्या राजवाड्यात दमयंतीला ओळखलं त्यानेच. भुवयांच्या मधला जन्मतःचा तीळ मळाने झाकला गेला होता, तरी त्याला दिसला. राजमातेच्या मुलीने, सुनंदेने, तो पुसला आणि राजमातेला कळलं, ही तर आपल्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

---

बेहडा

एक शंका. दुसऱ्या स्वयंवराचा निरोप ती वडिलांपासून लपवते. आईला म्हणते, हे भीमराजाला कळू देऊ नकोस. ऋतुपर्ण दारात आल्यावर भीमाला काही कळत नाही, हा अचानक का आला? वडिलांना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

वैनगंगा

मला वाटतं, राजाला कळलं असतं तर ते खरंच स्वयंवर झालं असतं. तयारी झाली असती, इतर राजे आले असते, मग माघार घेता आली नसती. तिला ही बातमी अयोध्येपुरतीच हवी होती. सुदेव ती फक्त ऋतुपर्णाला सांगतो. नळ तिथे नसता, कुणी आलंच नसतं, तरी वडिलांच्या नावाला धक्का लागला नसता. स्वतःच्या नावाची जोखीम मात्र तिने घेतली.

निशिगंधा_२१

मी संहिता वाचून काढली, मराठी भाषांतर शेजारी ठेवून. काकू, मला दमयंतीची दासी केशिनी सापडली! आमच्या कॉलेजच्या गटाला यंदा एकांकिका करायची आहे. केशिनीच्या नजरेतून, कुंडिनपुरातली ती शेवटची परीक्षा. रंगमंचावर फक्त दमयंतीचं दालन. बाहुक दिसतच नाही, केशिनी जाऊन येते आणि सांगते. मुलांचा प्रवेश सुरुवातीलाच घ्यावा असं दिग्दर्शक म्हणतोय, प्रेक्षक पहिल्यापासून बांधले जातील म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

वैनगंगा

फार आनंद झाला. पण मुलांचा प्रवेश पुढे ओढू नका. मुळातला क्रम बघ. पहिल्या खेपेला केशिनी फक्त बोलायला जाते आणि अर्ध्या वस्त्राचा निरोप त्याच्यासमोर म्हणते, तो रडतो. एवढ्याने दमयंतीचं समाधान होत नाही. दुसऱ्या खेपेला ती केशिनीला नुसतं बघायला सांगते, त्याला विस्तव देऊ नका, पाणी देऊ नका म्हणून बजावते. केशिनी परत येऊन सांगते, ठेंगणं दार त्याच्यासाठी उंच होतं, रिकामे घडे नजरेने भरतात, गवताची काडी हातात पेटते. तिसऱ्या खेपेला त्याने शिजवलेलं मांस मागवून ती चव घेते, आणि नळाच्या हातची चव तिला पूर्वीपासून माहीत असते. तिथे तिची खात्री पटते. तेव्हा कुठे चौथ्यांदा ती केशिनीबरोबर मुलांना पाठवते. मुलं आधी आली तर त्यांचा उपयोग आमिष म्हणून केल्यासारखं होईल, आणि दमयंती तसं कधीच करणार नाही. केशिनीच्या त्या तीन खेपांना वेळ द्या, प्रेक्षक आपोआप थांबतील. बेहड्याचं झाड दाखवायचं असेल तर वरच्या सरांना विचारा, आणि कौंडिण्यपूरच्या मंडळींना पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण नक्की द्या.